हकिमांचा मुलूख

आगबोटीवरचा कोणी खलाशी सुट्टीवर चौलला परतला, की बायको भेटायच्या आधी त्याला आमचे पोस्टमास्तर गाठत. बंदरावरून गावात येणारा रस्ता पोस्टावरूनच जायचा आणि मास्तर त्या रस्त्याकडे तोंड करून बसलेले असायचे. खलाशाच्या डोक्यावर पेटी, बगलेत वळकटी, जीव घराकडे ओढ घेतोय, आणि हे खिडकीच्या गजांतून विचारताहेत, "काय रे, कुठे गेला होतास?" तो बिचारा म्हणायचा, "चीनला." की लगेच पुढचा प्रश्न तयार, "चीन आपण म्हणतो. ते काय म्हणतात?"

उत्तर मिळाल्याशिवाय सुटका नसे. जुने खलाशी हुशार झाले होते. ते बोटीवरच दोन-तीन नावं पाठ करून येत आणि चालता चालता खिडकीत टाकून पुढे जात. नवखे मात्र अडकायचे. एकाला मास्तरांनी अर्धा तास उभा केला तेव्हा त्याची आईच पोस्टात आली आणि पोराला दंडाला धरून घेऊन गेली.

मी मूळचा पेणचा. एकोणीसशे तीस सालच्या आगेमागे त्या पोस्टात कारकून म्हणून गेलो, तेव्हा माझं वय बावीस होतं. पहिल्याच दिवशी नेमणुकीचा हुकूम दाखवला, तर तो बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पेणची माणसं पेणला काय म्हणतात?"

"पेणच म्हणतात."

ते अगदी हिरमुसले. "बसा," म्हणाले. पुढे सात-आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी शेवटपर्यंत 'पेणकर'च राहिलो.

माणूस अंगाने किरकोळ. बंद गळ्याचा कोट, गुडघ्याच्या जरा खालीच थांबलेलं धोतर, आणि चष्म्याच्या तुटलेल्या काडीच्या जागी टपालाच्या थैलीची सुतळी. उजव्या हाताचा अंगठा शिक्क्याच्या शाईने कायमचा काळा झालेला. कामात चोख. एक पत्र इकडचं तिकडे गेलं नाही की एक तिकीट कमी भरलं नाही. पण थैली फोडण्याची त्यांची एक रीत होती. लाखेची सील तोडली की ते पत्रांचा गठ्ठा घेऊन ओट्यावर येत. तिथे माणसं वाट बघत बसलेली असत. मास्तर पाकीट हातात धरून आधी देशाचं नाव घ्यायचे, तेही एक नव्हे, ठाऊक असतील तेवढी सगळी, आणि मग ज्याचं पत्र त्याचं नाव. "मिसर. तिथले मस्र म्हणतात. इंग्रज ईजिप्त म्हणतो. हसन नाखवा!" तोवर हसन नाखव्याचे प्राण कंठाशी आलेले असत.

मला सुरुवातीला या प्रकाराचा मनस्वी संताप यायचा. मी एकदा म्हणालो, "मास्तर, लोकांना पत्राशी मतलब. देशाला काय म्हणतात याच्याशी त्यांना काय करायचंय?"

"पेणकर, ज्याचा मुलगा तिथे राहतो त्याला करायचंय," ते म्हणाले. "मुलगा कुठे आहे ते ज्याला धड सांगता येत नाही, त्याला झोप कशी लागेल?"

हे उत्तर तेव्हा मला पटलं नव्हतं.

त्यांच्याजवळ एक वही होती. जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली. एकेका देशाला एकेक पान, आणि पानावर तीन रकाने: 'स्वतःचं', 'शेजाऱ्याचं', 'लांबच्याचं'. मास्तरांचा सिद्धांत असा, की देश स्वतःला एक म्हणतो, शेजारी त्याला दुसरं म्हणतात आणि लांबून जो आला त्याने तिसरंच ठेवलेलं असतं, आणि तिघेही खरं बोलत असतात. "आता माझंच बघा," ते म्हणायचे. "आई मला बाळ्या म्हणायची. ही मला 'अहो' म्हणते. खातं मला सबपोस्टमास्तर म्हणतं. यांतला खोटा कोण?"

जर्मनीच्या पानावर त्यांचा फार जीव. तिथले लोक स्वतःला डॉइच्लांट म्हणतात, फ्रेंच त्यांना आलमान्य म्हणतात, आणि पलीकडचे पोलंडवाले जे नाव घेतात त्याचा मूळ अर्थ म्हणे 'मुके'. हे त्यांना एका जुन्या सारंगाने, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाने, सांगितलं होतं आणि पुढे कुठल्याशा पुस्तकातही सापडलं. "आपली भाषा ज्याला येत नाही तो मुका!" मास्तर मांडीवर थाप मारून हसायचे. "सगळ्या जगाची हीच तऱ्हा. पेणकर, तुम्ही आलात तेव्हा आमच्या कोळणी तुम्हांला काय म्हणायच्या, सांगू?" मी नको म्हणालो.

चीनचे लोक स्वतःच्या देशाला 'मधला देश' म्हणतात हे कळलं, तेव्हा तर ते दोन दिवस खूश होते. "प्रत्येकाला वाटतं आपणच मध्ये आहोत. आमच्या आळीचं नाव काय? मधली आळी. तिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाजण, पण नाव मधली आळी." खाडीपलीकडच्या जंजिरा संस्थानाला सगळा मुलूख हबसाण म्हणत असे. ते नाव आफ्रिकेतून हबशी माणसांबरोबर गलबतात बसून आलं, हेही त्यांनीच मला सांगितलं. आमच्या शेजारी एक तेल्याचा घाणा होता. घाणेवाले आजोबा इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी काम बंद ठेवणारे. त्यांच्या पोथीत आपल्या देशाला होदू म्हटलंय हे समजल्यावर मास्तर दर शनिवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. "लोक आपल्याला पाठीमागे काय म्हणतात ते ऐकायला धीर लागतो," ते म्हणायचे. तो त्यांच्याजवळ भरपूर होता.

घरात या विद्येची काही किंमत नव्हती. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "जगातल्या सतरा देशांची बारशी जेवून आलेत, पण आपल्या घरात मिठाचा सट कुठे ते विचारा." काकूंच्या बहिणीचं लग्न मुंबईला होतं. मास्तर रजा घेऊन गेले खरे, पण अक्षता टाकून जे गडप झाले ते पंगत उठल्यावर उगवले. गोदीत एक ग्रीक बोट लागल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. तिच्या स्वयंपाक्याला पानसुपारी देऊन, हातवारे करकरून, मास्तरांनी त्याच्या देशाचं नाव त्याच्याच हातून लिहून घेतलं होतं. काकूंनी पुढे ते वर्षभर काढलं. "माझ्या बहिणीचे लाडू टाकून कोण्या आचाऱ्याची अक्षरं घेऊन आले," असं त्या येईल त्याला सांगत.

आणि पर्शिया! त्या देशाच्या सरकारने जगाला कळवलं, की यापुढे आम्हांला इराण म्हणा. तसं पत्रक आमच्याकडेही आलं. मास्तरांनी ते तीनदा वाचलं, टोपी घातली, बाजारात गेले आणि शेरभर पेढे घेऊन आले. ओट्यावरच्या माणसांना त्यांनी एकेक पेढा दिला. "तुम्ही आणि तुमचे बापजादे आजवर इराणच म्हणत आलात. सरकारला ते आत्ता कळलं." कशाचे पेढे ते कोणालाच समजलं नाही. पण खाल्ले सगळ्यांनी.

आता हजराबीची गोष्ट सांगतो. ती पेढ्यांच्या बरीच आधीची आहे.

हजराबी चौलच्या मोहल्ल्यातली. नवरा दर्यावर गेलेला, म्हणजे परत न आलेला. सुंभ वळून तिने एकुलता एक मुलगा इस्माईल वाढवला, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकवला, आणि तोही शेवटी बोटीवर आगवाला म्हणून लागला. बोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालायचं ते काम. महिन्या-दीड महिन्याने त्याचं पत्र यायचं. मग एकाएकी ते बंद झालं. टपालाच्या बोटीच्या दिवशी हजराबी येऊन ओट्यावर बसायची. काही विचारायची नाही. हातात काथ्या असायचा, तो वळत राहायची. मास्तरांचा गठ्ठा संपला की उठून जायची. असे तीन महिने गेले.

मग एके दिवशी तिच्या नावाचं पाकीट आलं. तिकिटावरची अक्षरं इंग्रजीसारखी दिसत, पण इंग्रजी नव्हती. मधली दोन तर घराच्या छपरासारखी होती. पत्र मात्र इंग्रजीत होतं. मास्तरांनी ते वाचायला माझ्याकडे दिलं, कारण माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं. लिहिणारा होता तिथल्या बंदरावरचा आगबोट कंपनीचा एजंट. त्याने कळवलं होतं, की आगवाला इस्माईल याला पोटाच्या विकारामुळे इथे उतरवण्यात आलं, शस्त्रक्रिया झाली, प्रकृती गंभीर आहे, अधिक कळल्यास लिहू.

हजराबी समोरच उभी होती. मी मनातल्या मनात वाचून तोंड उघडलं, "ग्रीस म्हणून एक देश..." तेवढ्यात मास्तरांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. त्यांनी तो वाचला. मग बराच वेळ तिकिटाकडे बघत राहिले.

"कंचा मुलूख, मास्तर?" हजराबीने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

एरवी मास्तरांनी चारही नावं घेतली असती. तिथले लोक एलास म्हणतात, इंग्रज ग्रीस म्हणतो, आपल्या जुन्या पोथ्यांत यवन आहेत. त्या दिवशी त्यांनी एकच नाव घेतलं.

"यूनान," ते म्हणाले. "मुलगा आजारी आहे. त्याला यूनानात उतरवलंय. तिथल्या दवाखान्यात आहे."

"यूनान?" हजराबीने मान वर केली. "म्हंजी आमचे हकीमसाब ज्याचं नाव घेऊन पुड्या बांदतात, त्यो?"

"तोच."

"हकिमांचा मुलूख?"

"हो. यूनानी दवा म्हणतात ती मूळ तिथलीच."

हजराबीने दोन्ही हात वर नेऊन तोंडावरून फिरवले. "मंग पोराला चांगल्या जागी उतरवलाय," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं.

ती गेल्यावर मी मास्तरांवर घसरलोच. "तुम्ही तिला अर्धंच सांगितलंत. प्रकृती गंभीर आहे असं स्पष्ट लिहिलंय."

"सांगून ती काय करणार, पेणकर? इथून चालत जाणार?" ते म्हणाले. "नाव मी खोटं सांगितलं नाही. तुर्क, अरब, इराणी, सगळे त्या देशाला यूनानच म्हणतात. वही बघा." मी वही बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्ट उघडायला गेलो तर ओट्यावर मोहल्ल्यातली पंधरा-वीस माणसं. पुढे हजराबी. तिला मुलाला पत्र लिहायचं होतं हे ठीक. पण पोरगा हकिमांच्या मुलखात आहे, तर तिथल्या हकिमांना आपल्या गुडघ्यांचंही विचारून घ्यावं, असं तिच्या मनात आलं होतं. ते तिने शेजारणीला सांगितलं आणि शेजारणीने सगळ्या मोहल्ल्याला. कोणाला दमा होता, कोणाच्या कानात रात्रंदिवस समुद्र वाजत होता, एका नव्या सुनेला काय होत होतं ते ती सासूच्या कानात सांगे आणि सासू मास्तरांना. एका म्हातारीने शेळीचंही विचारलं. "ते हकीम माणसांचे," म्हणून मास्तरांनी शेळी तेवढी वगळली. शेवटी खुद्द हकीमसाहेब आले. पांढरी दाढी, हातात काठी. "आमची काही तक्रार नाही," ते म्हणाले. "तिथल्या उस्तादांना फक्त आमचा सलाम लिहा. म्हणावं, इथे चौलला तुमची विद्या चालू आहे."

मास्तरांनी सगळं उतरून घेतलं. सकाळपासून दुपारपर्यंत चार ताव भरले. मराठीचं इंग्रजी करता करता माझ्या नाकी नऊ आले. 'कानात समुद्र वाजतो' याचं इंग्रजी मला आजही नीट येत नाही. पत्त्यावर मास्तरांनी इंग्रजीत ग्रीस लिहिलं, त्याखाली त्या आचाऱ्याची अक्षरं एकेक बघून उतरवली, आणि त्याच्याखाली उर्दूत यूनान असं हकीमसाहेबांकडून लिहून घेतलं. पाकीट थैलीत पडलं आणि मंडळी समाधानाने घरी गेली.

त्यानंतर मात्र मास्तर बदलले. थैली फोडताना ओट्यावर येईनात. मला म्हणायचे, "तुम्हीच वाटा." खलाशी खिडकीवरून जात, स्वतःहून नावं सांगत, तर हे नुसती मान हलवीत. हजराबी आता बोटीच्या दिवशी हसतमुख यायची, "हकिमांचं काय उत्तर?" म्हणून विचारायची, आणि मास्तर रजिस्टरात डोकं घालत.

एका संध्याकाळी आम्ही रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. ओहोटी होती. ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "पेणकर, मी काय करून बसलो हो? पोरगा गेला तर त्या बाईला काय वाटेल? नुसता मुलगा गेला असं नाही वाटणार. हकिमांनीही हात टेकले, असं वाटेल. मी तिच्या दुःखावर आणखी एक ओझं ठेवलं." एवढे दिवस ज्याची मी चेष्टा केली, त्या माणसाची मला त्या वेळी फार माया आली. मी एवढंच म्हणालो, "बघू या, मास्तर. उत्तर तर येऊ दे."

उत्तर यायला दोन महिने लागले. जाडजूड पाकीट, तीच छपरांची अक्षरं. पण पत्ता मराठीत, शाळेतल्या पाटीवरच्यासारखा मोठ्या अक्षरांत लिहिलेला. इस्माईलचाच हात होता तो. हजराबी ओट्यावर होती. मास्तर किती दिवसांनी बाहेर आले. ते तिच्याशेजारी खाली जमिनीवरच बसले, पाकीट फोडलं आणि वाचू लागले.

इस्माईल बरा होता. पोट कापलं होतं, टाके पडले होते, आता तो काठी न घेता चालत होता आणि पुढच्या बोटीने येणार होता. चार ताव पोचले होते. एजंटाने ते तिथल्या डॉक्टरला वाचून दाखवले होते. डॉक्टर आधी हसला, मग खुर्ची ओढून बसला आणि एकेकाचं उत्तर त्याने सांगितलं होतं. गुडघ्यांना कोमट तेल लावा, ओल्या जमिनीवर बसून सुंभ वळू नका. दम्यासाठी हे, कानासाठी ते. सुनेला काही झालेलं नाही, तिला खायला घाला. ओट्यावर एकच हशा झाला आणि सासू उठून गेली.

मास्तर पुढची ओळ वाचायला गेले आणि थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. इस्माईलने लिहिलं होतं: 'अम्मा, तुला कोणी सांगितलं ते माहीत नाही, पण इथे हकीम कोणी नाहीत. मी एक पुडी बघितली नाही. इथे डॉक्टर सुरीने काम करतात. मी आठ दिवस शुद्धीवर नव्हतो.'

ती ओळ गाळली असती तर हजराबीला कळलंही नसतं. मास्तरांनी ती वाचली, अक्षरन् अक्षर. मग कागद मांडीवर ठेवला.

"हजराबी, ते मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मुलगा फार आजारी आहे असं त्या पहिल्या पत्रात होतं. मी तुम्हांला ते सांगितलं नाही. नुसतं यूनान म्हणालो. मला माफ करा."

हजराबीच्या हातातला काथ्या थांबला. "मना ठावं हुतं, मास्तर," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पोराचं काय खरं न्हाय त्ये. तुमी कागुद वाचलात तवा तुमचं तोंड बगितलं ना मी. त्याच्या बापाची खबर आली, तवा सांगनाराचं तोंड असंच झालं हुतं." तिने पदराने डोळे पुसले, पण ती हसत होती. "आनि मंग तुमी यूनान काडलंत. येवडं चांगलं नाव तुमी माज्यासाटी हुडकून दिलंत, त्ये मी न्हाय कसं म्हनू? त्याच्यावरच म्हयने काडले."

"पण मग तुम्ही काही बोलला का नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"तुमी येवडे भ्यायलेले," हजराबी म्हणाली. "मी रडाय बसले असते, तर तुमाला कोन समजावनार हुता?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी रिकामी थैली उगाचच झटकत राहिलो, कारण माझेही डोळे भरून आले होते.